चेंडूतलं तेल

मंगळवार, मांडवी

बाबांच्या मोडून जुळलेल्या मनगटासाठी आणलेला, आत चाक फिरणारा व्यायामाचा चेंडू आज फिरेचना. जुन्याचं चाक सुरू करायला दोरी गुंडाळावी लागायची, ते त्यांना जमेना, म्हणून हा स्प्रिंगचा आणला. आतलं चाकही लोखंडी, जड. मग बिघडला कसा? बघते तर आत तेल! चाकाचा दांडा खाचेत घासला तरच ते वेग धरतं, तेलानं तो नुसता घसरतो. केवढ्यानं ओरडले मी. होडीच्या इंजिनावर हयात गेलेला माणूस, घरघर ऐकली की तेल घालणारच.

"तू आणलास ना गो, गंजला तर?" एवढंच म्हणाले.

तेल पुसलं. चेंडू त्यांच्या हातात जोरात घुमला. घरघर ऐकून दुसरा हात सवयीनं तेलाच्या बाटलीकडे गेला, आणि माझ्याकडे बघून मागे आला.

तेलच तर होतं. का ओरडले मी?