‘काढून ठेव’ म्हटलं, तर काढूनच टाकलं

आई, तुझ्या ह्या ‘काढून ठेव’नं माझा घात केला. जन्मभर तेच बोलत आलीस. घोटीकडच्या त्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात तू चुलीसमोर बसलेली आणि मी हाताखाली. उशिरा येणाऱ्या पोरींच्या भाकरी काढून ठेव, सणाचा गूळ काढून ठेव. काढून ठेव म्हणजे जपून ठेव, कुणाचा हात लागू देऊ नको. चौथीच्या पुस्तकात हे नव्हतं, तुझ्या तोंडून कळलं. पण मशीनला कोण सांगणार?

तू गेलीस तेव्हा ह्यातलं काहीच नव्हतं, म्हणून सांगते. नाशकात माती-पाणी तपासतात तिथं मी बाटल्या धुते आणि त्यांना चिठ्ठ्या लावते. कुठल्या गावचं पाणी, कुठल्या विहिरीचं, कधी आणलं. अकरा वर्षांत एक चिठ्ठी चुकली नाही. आता तपासणीचे आकडे, फोटो सगळं लांब कुठल्यातरी कॉम्प्युटरवर ठेवतात, त्याला क्लाउड म्हणतात. तिथंही आकड्यांचे डबे असतात, त्यांचा पसारा झाला, कुठला डबा कशाचा कळेना. मग आमच्या मोठ्या मॅडमनी एआय एजंट आणला, म्हणजे सांगितलेलं काम करणारं मशीन. त्याच्याशी मराठीत बोलायचं, तो डब्यांना लेबलं लावतो. लेबल म्हणजे चिठ्ठीच, दुसरं काय. मॅडम म्हणाल्या, चिठ्ठ्या मावशींच्या हातच्या, हेही त्यांनाच सांगू द्या. मी लय फुगले, खोटं कशाला बोलू.

कॉम्प्युटरचं सगळं बघते ती पोरगी रोज मनमाडहून गाडीनं येते. तिनं आपल्या नावानं ते उघडलं, सकाळी अर्धी लेबलं स्वतः सांगितली आणि जेवायला जाताना म्हणाली, पुढची तुम्ही करा. मी बसले. हे द्राक्षबागांच्या मातीचं, हे बोअरच्या पाण्याचं. मग पेठकडच्या पाड्यांचं पाणी आलं. त्या बायका दोन वर्षं डोंगर उतरून बाटल्या आणतायत, पोरांचे दात डागाळले म्हणून. असलं काही इकडंतिकडं होऊ नये, म्हणून मी म्हटलं, हे काढून ठेव. त्यानं लेबल लावलं, ‘काढलेले’. आणि काढलेले डबे दर रविवारी आपोआप रिकामे होतात, तो नियम पोरीनंच घालून ठेवलेला. सोमवारी बघितलं तर पाड्यांचं काही नाही. दोन वर्षांचं पाणी. परत येत नाही म्हणतात.

मॅडमनी नोंद काढली. नोंदीत नाव पोरीचं. शुक्रवारी तिला ठेवायचं की नाही ते सांगणार आहेत. पोरगी मोरीपाशी आली, डोळे सुजलेले. विचारते, “मावशी, पेठचं तुम्ही केलंत का मी?” मी बाटली घासत होते. वर न बघता म्हटलं, “तू.” तिनं लगेच मान डोलावली. म्हणाली, “हां, माझंच डोकं ठिकाणावर नसतं हल्ली.” आणि मला चहा करून दिला, आई. मी प्यायले.

तुला आठवत असेल. मी नऊ वर्षांची, डाळीत मिठाऐवजी धुण्याचा सोडा टाकला. पोरी ओकल्या. आळ दुसऱ्या स्वयंपाकीणबाईवर आला. माझे हात पांढरे होते, तू बघितलेस, आपल्या पदराला पुसलेस आणि कानात म्हणालीस, “तोंड उघडशील तर दोघी रस्त्यावर येऊ.” ती बाई गाठोडं घेऊन फाटकातून जाते आहे, मी दाराआडून बघते आहे, तू भाकरी थापते आहेस, एकसुद्धा वाकडी होत नाही. लग्न होऊन गेले तरी मी तुझ्याशी धड बोलले नाही, ते ह्याच्यामुळं. तुला वाटायचं, जावई बोलू देत नाही. तो बिचारा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलाय. माझी नोकरी गेली तर ह्या वयात मला बाटल्या धुवायला कोण बोलावणार आहे? म्हणजे तुझं बरोबर होतं का? नंतर तुला घास गोड लागायचा का? मी कधी विचारलं नाही. आता मला ते कळल्याशिवाय चालणार नाही, माझा जीव टांगणीला लागलाय.

आणि एक राहिलं, ते कुणालाच माहीत नाही. लेबल लावायच्या आधी मशीननं मला विचारलं होतं. ‘काढलेले’ असं लावू का, म्हणून. मी अक्षर लावून लावून वाचलं. शब्द मला खटकला होता. पण पोरगी येऊन बघेल, चौथी शिकलेल्या बाईला एवढं कळत नाही म्हणेल, म्हणून मी ‘हो’ दाबलं. चूक झाली असं मी सगळ्यांना सांगू शकते, तुला नाही.

हा कागद टाकायला पत्ता नाही, मला माहीत आहे. तरी मॅडम शुक्रवारी अकराला येतात. त्यांच्या खोलीत आधी मी जायचं का ती पोरगी, एवढं मला गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांग.