उजेडाची दहा मिनिटं

१४ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. नळ अजून गळतो, मी खाली बादली लावून मोकळी झाले. तुझ्या आईचा फोन येतो. तब्येत ठणठणीत, ‘तू त्याच्याकडे कधी जाणार’ एवढंच एक दुखणं आहे.

भाताचं विचारलंस. गेल्या वर्षी तू बदलीवर गेलास तेव्हा मी म्हणाले होते, भात निसवलं, लोंब्या बाहेर पडून त्यांच्या फांद्या मोजून झाल्या, की बॅग भरते. रोपाला ‘फांद्या पुरे, आता दाणे धर’ असं सांगणारं एक जनुक आम्ही संथ केलंय. ते उशिरा बोललं तर लोंबी जास्त फांद्यांची होईल, अशी आशा. पण सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, नुसती पानं! शेजारच्या कुंड्यांतलं साधं भातसुद्धा निसवेना. माझी विद्यार्थिनी महिनाभर जनुकं धुंडाळत बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आमच्या प्रयोगशाळेतल्या भाताच्या खोलीत रात्र सकाळी अकराला पडते. घड्याळ दिवे घालवतं, ते चौदा तासांसाठी. पानं तो अंधार मोजतात, आणि तो सलग मिळाला तरच शेंडा पानं सोडून लोंबी घडवायला घेतो. मध्येच दहा मिनिटं उजेड पडला तर सगळं मुसळ केरात.

सोमवारी तिने आत उजेड टिपणारं यंत्र ठेवलं. काल धावत आली. ‘‘मॅडम, रोज संध्याकाळी सहाला कुणीतरी दिवा लावतंय! त्या रखवालदाराला आता सोडत नाही मी.’’

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, ‘‘त्याला काही बोलू नकोस. ती मी.’’

‘‘तुम्ही? आत काय करता?’’

‘‘पत्रं वाचते.’’

बिचारी खुर्ची ओढून बसलीच.

घरी तुझी पत्रं वाचवत नाहीत रे. समोर तुझं टेबल असतं. त्या खोलीचं दार कुणी वाजवत नाही, म्हणून काम संपलं की तिथे जायचे. मला तुझी फार आठवण येते. फोनवर आपण औषधं आणि बिलं बोलतो, हे बोलत नाही.

वीस वर्षं मी मुलांना बजावतेय, आत दिवा लावायचा नाही. तेव्हा ‘विसरले’ असं म्हणता येणार नाही. खरं सांगू? आधीच्या प्रत्येक पत्रात तू ‘कधी येतेस’ विचारायचास. मे महिन्यापासून विचारत नाहीस. भाताचं विचारतोस. भात निसवलं असतं तर मला यावं लागलं असतं, आणि दार उघडताना तुझा चेहरा बघावा लागला असता. त्याची मला भीती वाटत होती.

आज आमच्या विभागप्रमुख सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘डिसेंबरअखेर लोंब्या येतील, तोवर थांबा.’’ मी नाही म्हटलं. खोलीची किल्ली विद्यार्थिनीला दिली. फांद्या ती मोजेल, माझ्यापेक्षा नीट मोजेल.

मी बावीस तारखेच्या सकाळच्या गाडीने निघते आहे. तू बोलावलेलं नाहीस, तरी येते आहे. मी यायला नको असेल तर वीसपर्यंत कळव, मी समजून घेईन. गप्प राहिलास तर मात्र ‘ये’ असंच समजणार आहे.

अजूनही असेन तर,
तुझीच