वरची जागा

११ जानेवारी

पाटी लागली. पांढऱ्यावर लाल अक्षरं – 'ओढ्यात कपडे धुण्यास सक्त मनाई.' खाली बारीक अक्षरांत, 'अभ्यास अहवालानुसार.'

तो अहवाल माझा.

आत्याला वाचता येत नाही. डोक्यावर लॉजच्या चादरींचं गाठोडं, तशीच उभी राहून म्हणाली, "काय लिहिलंय गं?" मी वाचून दाखवलं. खालची ओळ गाळली.

१२ जानेवारी

निदान इथे तरी खरं लिहावं.

ओढ्याची तब्येत त्यातल्या किड्यांवरून ओळखायची, हे माझं काम. बाटलीतलं पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. किडे महिनोन्‌महिने त्याच दगडाखाली राहतात, जे वाहून येईल ते सोसतात. पाण्यात उभं राहून पायाने तळ ढवळायचा, खाली जाळी धरायची, पांढऱ्या ट्रेमध्ये निवडायचं. प्रत्येक जातीला तक्त्यात गुण. नाजूक किड्यांना दहा, गटारातही जगणाऱ्या लाल अळ्यांना दोन. बेरीज शंभराच्या पुढे गेली तर ओढा निरोगी.

आत्याच्या दगडापाशी बेरीज आली एक्केचाळीस. मी लिहिलं, 'खराब.' कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कपडे धुणे.' साबण मी मोजलाच नव्हता. समोर बायका धूत होत्या, म्हणून लिहिलं.

अजून एक आहे. तुलनेसाठी उगमाजवळची, माणसाचा हात न लागलेली जागा बघावी लागते. चढ दोन तासांचा, जळवा फार, आणि अहवाल द्यायला चार दिवस उरलेले. मी गेले नाही. त्या रकान्यात तक्त्यातलाच आदर्श आकडा टाकला. जणू वर जाऊन आले.

१३ जानेवारी

नमुना घेताना जाळी आत्यानेच धरली होती. हे आज दिवसभर आठवत होतं. "घरातली पहिली पदवी, आणि ती किड्यांची!" असं म्हणून सगळ्या बायकांना हसवत होती. वाळूच्या नळीत राहणारी अळी दाखवली तर म्हणाली, "ही होय? बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरते. मी हिला तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते."

तेवढ्यात गॅरेजवाला जळक्या तेलाचा डबा ओतायला आला. चौघीजणी अशा ओरडल्या की तो डब्यासकट परत फिरला. आत्या म्हणाली, "रोज कुणीतरी येतोच मेला." मी ते वहीत लिहिलं नाही. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

२० जानेवारी

लॉजवाल्याने चादरी दुसरीकडे दिल्या. आत्या दिवसभर ओट्यावर बसून असते. आईने विचारलं, "हात का चोळताय, वन्सं?" तर म्हणाली, "काम नसलं की दुखतात."

मला शाळेत घातलं ते आत्याने. बाबा नको म्हणत होते तेव्हा हीच भांडली होती.

२ फेब्रुवारी

वर गेले. आत्या सोबत आली – "एकटी पडलीस तर कोण बघणार?" तिला वाटलं, अभ्यासाचं काहीतरी राहिलंय. राहिलंच होतं.

पाणी काचेसारखं. वर ना घर, ना शेत. तीन वेळा तळ ढवळला. ज्या दगडमाश्यांच्या अळ्यांना तक्त्यात सगळ्यांत जास्त, प्रत्येक जातीला दहा गुण आहेत, त्यांतली एकही जात नाही. असणार कशी? त्यांना गार पाणी लागतं आणि तो तक्ताच मुळी थंड देशातल्या ओढ्यांवरून केलेला. बाकी सगळे तेच, जे खाली आत्याच्या दगडाखाली होते. बिऱ्हाडवालीसुद्धा.

बेरीज चव्वेचाळीस.

म्हणजे आमच्याकडचा निरोगी ओढा चव्वेचाळीसचा असतो. आणि आत्याचा दगड एक्केचाळीसचा.

"असं काय बघतेस ट्रेकडे? मेलेत का सगळे?" आत्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, सगळे जिवंत आहेत.

३ फेब्रुवारी

कॉलेजात जाऊन सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच जड गेलं. "हा तक्ता इथे जसाच्या तसा चालत नाही, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"हो सर."

"आणि वरची जागा?"

गेलेच नव्हते, म्हटलं. ते म्हणाले, "दुरुस्ती लिही. परीक्षा सहा महिने पुढे जाईल."

जाऊ दे.

५ फेब्रुवारी

आत्याला सांगितलं. पाटीवरची गाळलेली ओळसुद्धा. ती बराच वेळ डाळ निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे किड्यांनी काही सांगितलं नव्हतं. तूच सांगितलंस."

हो, म्हटलं.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "जेवलीस का?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी

दुरुस्तीचा कागद घेऊन, पाटी लावणाऱ्या कचेरीत गेले. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "ताई, तेव्हा म्हणालात खराब, आता म्हणता चांगला. ओढा एकच ना?"

चूक माझी होती, म्हटलं. तीनदा म्हटलं.

"असं तोंडी पाटी काढता येत नाही. त्याच जागेचा नवा नमुना आणा, तुमच्या सरांच्या सहीने. आकडे बरे असले की दुसऱ्या दिवशी पाटी काढतो."

एवढंच? मी जवळजवळ पळतच घरी आले. आत्याला म्हटलं, आठवडाभरात धुवायला लाग. ती म्हणाली, "बघू." पण संध्याकाळी कोपऱ्यातलं धोपटणं काढून पुसत होती.

१६ फेब्रुवारी

आत्याच्या दगडापाशी गेले. महिनाभर तिथे कुणी बाई फिरकलेली नाही. काठावर हॉटेलांचं खरकटं, फुटक्या बाटल्या. दगडाला हात लावला तर काळं तेल.

तरी तीन वेळा तळ ढवळला. ट्रेमध्ये गाळातल्या अळ्या आणि गांडुळासारखे बारीक किडे, बाकी काही नाही. अळ्या लाल. त्यांचे दोन, किड्यांचा एक.

बेरीज तीन. माझा पहिला अहवाल आज खरा झाला.