कचेरीतला नवा मॉनिटर

अंबरनाथ पश्चिम,
१८ जुलै २००६

चि. विक्रांत यास,
सप्रेम जयभीम. आईचा गुडघा कसा आहे ते कळव.

शाळेतला फोन आमचे मुख्य लिपिक विष्णुपंत यांच्या टेबलावर, म्हणून हे पत्र. जानेवारीत सपाट मॉनिटर आला, तेव्हापासून मला अक्षरं पुसट दिसतात. दोनदा चष्मा बदलला. परवा मी केलेल्या दाखल्यावर रविना नावाच्या मुलीच्या जन्मतारखेत एकचा नऊ झाला. तिचे वडील चांगो मजुरी बुडवून वांगणीच्या पाड्यावरून आले होते. रागवायचं सोडून मलाच नमस्कार करून गेले.

विष्णुपंतांनी अक्षरं मोठी लावून दिलीत, तरी दिसत नाहीत, म्हणजे दोष माझाच. संगणकाचं काम झेपत नाही असं लिहून द्यावं म्हणते. ते निवृत्त झाल्यावर त्यांची जागा मग मला मिळणार नाही. पण कुणाची तारीख तरी चुकणार नाही.

तुझा जीव आहेच माझ्यावर, तो तसाच असू दे.
तुझी ताई, माया

उल्हासनगर,
२१ जुलै

आदरणीय ताईस,
सप्रेम जयभीम. आई जिना चढते, म्हणजे ठीक.

काहीही लिहून देऊ नकोस. आमच्या संगणकाच्या दुकानात याच तक्रारीची गिऱ्हाइकं येतात. काल एक सिंधी काका माल वापस घ्या म्हणून अडून बसले होते. सपाट पडद्यावर ठिपके मोजून बसवलेले असतात, तुमच्या मॉनिटरवर बहुधा १२८० बाय १०२४. विष्णुपंतांनी अक्षरं मोठी व्हावीत म्हणून ८०० बाय ६०० केलं असणार. मग एका ठिपक्याचा रंग शेजारच्या ठिपक्यांवर सांडतो आणि कडा विस्कटतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्युशन, म्हणजे ठिपक्यांचा हिशेब, मूळ आकड्यावर आण. अक्षरं बारीक होतील, ती तिथेच ॲडव्हान्स्डमध्ये डीपीआय, म्हणजे अक्षरांचं माप, वाढवून मोठी कर.

मोठ्यांनी लावलेल्याला हात कसा लावायचा, म्हणून सहा महिने गप्प बसलीस आणि चष्मेवाल्याचं भलं केलंस.

रागावलीस तरी चालेल, पत्र मात्र पाठव.
विक्रांत

अंबरनाथ पश्चिम,
३१ जुलै

चि. विक्रांत यास,
सप्रेम जयभीम.

विष्णुपंत रजेवर असताना तू सांगितलंस तसं केलं. शिरोरेघ सुरीने ओढल्यासारखी दिसली. लिहून ठेवलेला माझा अर्ज फाडला.

आज ते आले, दाखला करायला बसले. दोन तारखा चुकल्या. मी दाखवल्या, तर नाक काचेला टेकेपर्यंत वाकले, तरी त्यांना दिसेना. इतके दिवस पडदाच पुसट होता, म्हणून त्यांच्या डोळ्यांचं कुणाला कळलं नव्हतं. बहुधा त्यांनाही नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, पूर्वीसारखं करता येईल का.

निवृत्तीला नऊ महिने उरलेत. माझा हात माउसपर्यंत गेला होता, विक्रांत. पण मी नाही म्हटलं, आणि शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोबत येते म्हणाले. ते उठून आपल्या टेबलाशी जाऊन बसले. मी त्यांना उघडं पाडलं की सावरलं, हे ठरवता येईना.

सुटायच्या वेळी त्यांनी शनिवारच्या रजेचे दोन अर्ज पुढे केले. दोन्ही त्यांनीच हाताने लिहिलेले, ओळी तिरप्या गेलेल्या. एक त्यांचा, सही करून. दुसरा माझा, सहीपुरती जागा सोडून.

मी सही केली. आईला जयभीम सांग, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.
ताई