उलट्या टांगलेल्या चित्राची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंद्याने चित्रकार, गुडघ्यांनी निकामी पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोके शाबूत असल्याची खात्री समोर बसलेल्या डॉक्टरांनी करून घेतली आहे.

१. हे घर, रंग, कुंचले आणि बँकेतील शिल्लक माझ्या भाचीला मिळावी. दिराला छदामही नाही. माझ्या कामाला तो ‘थोबाडं रंगवणं’ म्हणाला होता, ते मी विसरलेले नाही.

२. माळ्यावरचे कापडात बांधलेले चित्र न उघडता जाळावे. मास्तरांनी मला आणि दादाला माणसाचा चेहरा काढायला शिकवले ते याच चित्राची नक्कल करायला लावून. चित्र उलटे टांगायचे, चौकोन आखायचे, एकेक चौकोन उतरवायचा. “चेहरा बघू नका, आकार बघा,” असे ते बजावत. झालेली नक्कल सुलटी न करताच फाडायची. मी मुकाट्याने ऐकले. दादाला कुठला धीर! त्याने आपली नक्कल सुलटी करून भिंतीला लावली. चित्रातल्या माणसाच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात हसू होते, ते दादाच्या हातात कायमचे बसले. पुढे ज्याच्या चित्रात ते उतरले, तो माणूस चित्र फ्रेम होऊन येईपर्यंत जगला नाही. आधी एक वकील गेले, मग शेजारची शिक्षिका. लोक योगायोग म्हणाले. शेवटी दादाने आरशात बघून स्वतःचे चित्र काढले आणि रंग वाळायच्या आत तोही गेला.

३. भाचीला मी माळ्यावरचे चित्र कधी दाखवले नाही. पण पोरगी बापाचे, म्हणजे दादाचे, ते शेवटचे चित्र समोर ठेवून, त्याची नक्कल करत घरच्या घरी शिकली. परवा तिने स्वतः काढलेले माझे चित्र आणून दाखवले, तेव्हा मला कळले.

“आत्या, ओठ जमलेत ना?”

“जमलेत,” म्हणाले. दुसरे काय म्हणणार? मी पिकले पान. मला भीती तिची वाटते. पोटची नसली तरी माझ्या हातांवर वाढलेली आहे.

४. म्हणून दादाचे आणि माझे चित्रही जाळावे. भाचीने स्वतःचे चित्र कधीही काढू नये. काढल्यास घर दिराला जाईल. त्याचे नाव ऐकून तरी ती अट पाळेल.

हे वाचून दाखवल्यावर साक्षीला आलेले शिंपी म्हणाले, “अहो, सकाळीच माझ्या दुकानातला उभा आरसा मागून नेला तिने. खालीच बसलीय काढत.”

मला जिना उतरवत नाही. डॉक्टर सही न करताच खाली धावले आहेत.

स्थळ: वरची खोली. दिनांक: आजचा.

लिहून देणार: सही
साक्षीदार १: शिंपी, सही
साक्षीदार २: डॉक्टर. जागा मोकळी. हाका मारल्या, अजून वर आलेले नाहीत.