यंत्राचे बारा दिवस

वर्धा,
ता. २२ नोव्हेंबर १९८७

चि. नलू हिस,
प्रभाकरदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिल्या दोन पत्रांच्या वेळी उत्तर टाळायला कामाचं निमित्त होतं. तिसरं आलं तेव्हा तेही उरलं नव्हतं. पुण्याहून आठ दिवसांची रजा काढून आईकडे आलो आहे. तुझ्या आत्याची तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. कापसाच्या बैलबंड्यांनी बाजाराचा रस्ता अडवलाय, त्यामुळे परवा स्टेशनवरून घरी येताना ऑटोवाल्यानं मला अख्खं वर्धा फिरवून आणलं. तुमच्या होस्टेलच्या जेवणात काही सुधारणा?

असं आणखी पानभर लिहिता येईल. पण ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू?

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडायचा आहे आणि सरांनी तीन विषय दिलेत, असं तू लिहिलंस. मोटरचा वेग, भट्टीचं तापमान, नाहीतर चालू कारखान्यातल्या एखाद्या नियंत्रण यंत्रणेवर संख्याशास्त्रीय प्रयोग आखायचा. तू तिसरा घेणार, आणि माझीच जुनी फाइल पुढे नेणार. फाइल पाठव म्हणालीस. त्याखाली तुझं वाक्य आहे: "बाबांसारख्या अंदाजपंचे काम करणाऱ्या माणसाला यंत्रानं आकड्यांनिशी हरवलं, हे तू सिद्ध केलंस. मलाही असंच काहीतरी ठोस करायचंय."

ते वाचून माझं डोकं फिरलं. राग तुझा नाही आला. ते वाक्य तुला शिकवलं कोणी? मीच.

मलाही असेच तीन विषय होते. मी गिरणी निवडली ती काही ज्ञानाच्या तळमळीनं नव्हे. तुझे बाबा, म्हणजे माझे मामा, तिथं नोकरीला, राहायला मामाचं क्वार्टर, वर मामीच्या हातचं जेवण. आयत्या बिळावर नागोबा. वर्गातली बाकीची पोरं प्रयोगशाळेत भट्टीपुढे घाम गाळत होती आणि मी शेखी मिरवत होतो, की माझा प्रयोग खऱ्या कारखान्यात आहे.

तू तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होतीस. बाबा गिरणीत 'पाणी सोडतात' एवढंच तुला ठाऊक. म्हणून नीट सांगतो. हवा कोरडी पडली की सुताचा धागा तुटतो, आणि आपल्याकडचा एप्रिल तुला माहीत आहे. देवळी रस्त्यावरच्या त्या नवदुर्गा सूतगिरणीत एका खोलीत मोठा पंखा आणि पाण्याचे फवारे होते. तिथली ओली हवा सूतकताईच्या खात्यात जायची. पाणी किती सोडायचं ते एका चाकावर, आणि चाकावर मामाचा हात. भिंतीला थर्मामीटर टांगलेले होते, पण मामा जाऊन चिमटीत धागा धरायचे, क्षणभर चोळायचे, आणि येऊन चाक बोटभर फिरवायचे. सव्वीस वर्षं. याला तू अंदाजपंचे म्हणतेस. मी अहवालात 'अशास्त्रीय' म्हटलं होतं.

गिरणीनं एक पेटी आणली. ती हवेतला ओलावा स्वतः मोजणार आणि पाणी स्वतः सोडणार, मिटणार. पेटी बरी की हात, हा माझा प्रयोग. चोवीस दिवस. बारा हाताचे, बारा यंत्राचे. सगळे तापलेले दिवस एकाच्याच वाट्याला जाऊ नयेत म्हणून कोणता दिवस कोणाचा ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीतून रोज संध्याकाळी चिठ्ठी तूच काढायचीस. यंत्राचा दिवस निघाला की मामांनी बाहेर स्टुलावर बसायचं आणि मी सूत कातणाऱ्या हजार चात्यांमागे तासाला किती धागे तुटले ते मोजायचं.

"आज हात नाई लावायचा, मामा," मी रोज बजावायचो.

"नाई लावत बाप्पा. मी काय लेकरू हाओ काय?"

यंत्राचा चौथा दिवस. पारा पंचेचाळीसवर. धागे मात्र झकास चालले होते. मी खुशीत पेटी बघायला गेलो तर तिचा काटा मेल्यासारखा पडलेला. आत कापसाचा बारीक भुगा जाऊन बसला होता आणि पेटीनं पाणी कधीचंच बंद केलं होतं. मग हवा ओली कशी? फवाऱ्याच्या खोलीत डोकावलो. मामा माझ्याकडे पाठ करून उभे होते. सदरा चिंब. बाजूचं, पेटीला वगळून पाणी सोडणारं चाक हातानं फिरवत होते, थोडं थोडं, थांबून थांबून.

अशा वेळी काय करायचं ते तुझ्या पुस्तकात आहे. प्रयोग थांबवायचा, तो दिवस बाद करायचा, कारण लिहायचं. मी आल्या वाटेनं परत फिरलो आणि वहीत लिहिलं: यंत्र, दुपारी दोन, तुटलेले धागे एकोणीस.

एवढ्यावर थांबलो असतो तर घाबरलो म्हणून स्वतःला माफ केलं असतं. पण पुढच्या प्रत्येक यंत्राच्या दिवशी, ऊन चढलं की मी मुद्दाम मोठ्यानं सांगायचो, "मामा, मी जेवून येतो, तासभर लागेल." क्वार्टर पाच मिनिटांवर होतं. मी तासभर पाटावर बसून राहायचो आणि मामी कौतुकानं आणखी एक पोळी वाढायची.

निकाल तुला पाठ आहे. हात एकवीस, यंत्र वीस. सर म्हणाले, निष्कर्षाला काहीतरी फायदा जोडा, नुसते आकडे कोण वाचतं? मग मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'यामुळे प्रत्येक पाळीतील एक मनुष्य कमी करता येईल.' मॅनेजरनं एक प्रत मागितली तर मी लाल रेक्झिनमध्ये बांधून दिली. दिवाळीच्या आठ दिवस आधी तीन पाळ्यांची तीन माणसं घरी गेली. तानबा, वासुदेवराव आणि रूपराव, म्हणजे तुझे बाबा. पुढल्या महिन्यात क्वार्टर गेलं. मामीच्या भावाच्या, बंडूजींच्या, आधारानं तुम्ही जाम गावी गेलात आणि मामा फाट्यावर ट्रकच्या चाकांत हवा भरू लागले. पेटी वरचेवर दुरुस्त करूनही दोन उन्हाळेसुद्धा टिकली नाही म्हणे. आता तिथं रोजंदारीवर माणूस लावलाय.

मला पुण्याची नोकरी त्याच अहवालावर लागली. जाताना मामा वर्ध्याच्या फलाटावर आले होते. मामानं भाच्याच्या पाया पडायचं ही आपल्याकडची रीत. वाकले आणि माझ्या नव्या बुटांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत. वर शेजारच्या प्रवाशाला सांगत होते, "इंजिनेर हाये. यानंच मशीन पास केली." घरीही तुम्हाला ते हेच सांगत आले, की मशीनपुढं माणसाचं काय चालते. तू ते खरं मानलंस. का नाही मानणार? त्याला माझा लेखी आधार होता.

गेल्या वर्षी दिवाळीत जामला आलो होतो, तू तेव्हा मामीबरोबर बाजाराला गेली होतीस. दुकानात मामा एकटेच ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. चार वर्षं घशात अडकलेलं बोलून टाकावं म्हणून सुरुवात केली. "मामा, त्या दिवशी दुपारी मी..."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "पाह्यलं होतं तुले. चपला हातात धरून वापस जाऊन राह्यला होता."

मी विचारलं, "मंग बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? पेटीनं तं पयल्याच दिवशी दम सोडला होता. म्हटलं, भाच्याचा परयोग नापास होईन. म्हून हात लावला. तू पाहून वापस गेला, तवा समजलो, तुलेबी हेच पायजे."

"पण तुमची नोकरी, मामा?"

ट्यूबमधून बुडबुडे येत होते. त्या जागेवर त्यांनी अंगठा दाबून धरला. "तू तसं लिहिशीन हे मले मालूम नोतं, बाप्पा."

रागावले नव्हते गं. रागावले असते तर मी पाय धरले असते. त्यांनी नुसतं सांगितलं. मग हात पुसत म्हणाले, "नलूले नोको सांगजो. थे तुयाकडं पाहून शिकून राह्यली." माझ्याकडून तसा शब्द घेतला. तो मी या पत्रात मोडला आहे.

बाराच्या बारा दिवस, नलू. यंत्राचे म्हणून मी जे लिहिले ते सगळे तुझ्या बाबांचे. त्यांना कोणी हरवलं नाही. एका बाजूला त्यांचा हात होता आणि दुसऱ्या बाजूलाही त्यांचाच, आणि मी मधे बसून गुण मांडत होतो.

हे सगळं पश्चात्तापानं लिहिलं असं समजून मला मोठा करू नकोस. फाइल तुझ्या हाती पडली असती तर पेटीचा काटा आणि खात्यातला ओलावा जुळत नाहीत हे तू आठवड्यात पकडलं असतंस. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. त्या धास्तीनंही लिहितो आहे.

मूळ वह्या यासोबत पाठवतो. विषय तिसराच घे, तुला साजेल. पहिल्या पानावर लिही, की आधीच्या प्रयोगात यंत्राचे बाराही दिवस रूपरावांनी हातानं चालवले आणि प्रयोग करणाऱ्यानं ते डोळ्यांनी पाहून लपवलं. माझं नाव पूर्ण घाल. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

आणि येत्या रविवारी जामला जा. दुकानात त्यांच्याजवळ बस, चाकातली हवा हातानं कशी ओळखतात ते विचार. हे पत्र मात्र त्यांना दाखवू नकोस. मी शब्द मोडला हे कळलं तरी ते मलाच सांभाळून घेतील, आणि आता ते मला सोसणार नाही.

तुझ्या बाबांचा भाचा,
प्रभाकर