बारावे वर्तुळ

४ नोव्हेंबर
आले एकदाची. बसमधून उतरल्यावर दोन्ही बॅगा मीच उचलल्या. मला घ्यायला आलेल्या, मनोऱ्यातून विमानांशी बोलणाऱ्या दादांना त्याचे फार वाईट वाटले. मी त्यांना छत्री धरायला दिली.

विमानतळ म्हणावा इतका काही मोठा नाही. एक धावपट्टी, काचेचा मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी माझी कामाची खोली. खोलीत उतरते टेबल, भिंतीवर दाबमापक, फोन आणि मनोऱ्यातले बोलणे ऐकवणारा स्पीकर. समोर टेकडी. हवा इतकी स्वच्छ की टेकडीवरची झाडे मोजता यावीत.

तीस वर्षे मोठ्या विमानतळावर हवामानाचे नकाशे केले. निवृत्त होऊन दोन महिने घरात बसले आणि भिंतीवरच्या पालीशी भांडायला लागले. तेव्हा हे वर्षभराचे काम दिसले. खरे कारण वेगळे आहे. लेक डाकेचे विमान चालवते आणि बावीस तारखेपासून तिला हाच मार्ग मिळणार आहे. फोनवर म्हणाली, आई, शाळेत वर्गाच्या दारात उभी राहायचीस, आता आभाळाच्या दारात उभी राहा.

५ नोव्हेंबर
काम समजून घेतले. अकरा केंद्रांवरून सकाळी आकडे येतात. प्रत्येक केंद्राचे नकाशावर एक छोटे वर्तुळ. आभाळ जितके भरलेले तितके ते काळे करायचे. त्याला वाऱ्याची काडी, शेजारी दाबाचा आकडा. मग समान दाबाच्या रेषा ओढायच्या. रेषा दाटल्या की वारा. बाकी ठिकाणी हे सगळे यंत्र करते. इथे अजून पेन्सिल आहे. बरे वाटले.

पायलटला सगळ्यात महत्त्वाचा असतो आपल्या जागेचा दाब. तो आकडा तो आपल्या उंचीमापकावर लावतो. आकड्यात एकाची चूक म्हणजे उंचीत सुमारे तीस फुटांची. आकडा जास्त सांगितला, तर विमान असते त्यापेक्षा वर दिसते. कमी सांगितला, तर खाली दिसते. पायलट उगाच वर राहतो, पण जिवंत राहतो. नव्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी पाठ करायला लावत असे.

इथली एक पद्धत फार आवडली. पायलट नकाशा वाचतो आणि कोपऱ्यात ‘वाचले, समजले’ लिहून सही करतो. सही नाही तर उड्डाण नाही.

दादांनी एक अडचण सांगून ठेवली. विमान टेकडीमागे गेले की रेडिओवर त्याचा आवाज आपल्याला येतो, आपला त्याला पोचत नाही. तीन-चार मिनिटांचा प्रश्न, म्हणाले.

९ नोव्हेंबर
आज नकाशावर बारा वर्तुळे निघाली. बारावे टेकडीवर. तिथे केंद्र नाही, कधी नव्हते. पूर्ण काळे, वारा शून्य, धुक्याची खूण, शेजारी वेळ दुपारी दोन. पेन्सिल माझी, वळण माझे. म्हणजे डुलकी लागली असणार. स्वतःवरच चिडले, खोडले, चहा सोडायचे ठरवले.

दुपारी दोन वाजता लख्ख उन्हात टेकडीवर धुके उतरले आणि तासाभराने उठले.

१२ नोव्हेंबर
रोज येते आहे. मी अकरा मोजून काढते, पट्टी ठेवायला वळते, परत पाहते तर बारा. काल घरी बसून माझ्या स्वतःच्या कागदावर नकाशा काढला. तिथेही आले.

आणि ते चुकत नाही. सकाळी जे दाखवते ते दुपारी टेकडीवर होते, मिनिटाला मिनिट.

लिहायला लाज वाटते, पण आज मी ते खोडले नाही. सकाळच्या पायलटला सांगितले, दोनच्या आत परत ये. तो आला. दोन वाजून पाच मिनिटांनी ढग फुटला. पायलट मनोऱ्यात जाऊन म्हणाला म्हणे, नव्या बाईंना वारा घरी येऊन सांगून जातो. मला हसू आले. तीस वर्षांत इतका अचूक अंदाज मी एकदाही दिला नव्हता.

१५ नोव्हेंबर
आज दादांना विचारलेच. माझ्या आधी या खोलीत हवामान बघणारे साहेब का गेले? दादांनी दुर्बीण पुसायला घेतली. मग म्हणाले, साहेबांचे अंदाजही असेच होते. अचूक. लोक लांबून बघायला यायचे. एका दुपारी त्यांनी दाबाचा चुकीचा आकडा दिला. विमान तीनशे फूट खाली होते आणि पायलटला ते माहीत नव्हते. टेकडी लागली. चौकशीत दाबमापक बिनचूक निघाले, दोष साहेबांवर आला. ते शेवटपर्यंत एकच सांगत होते, मी नियमाप्रमाणे केले.

टेकडीवर कुठे, मी विचारले. दादांनी बोट दाखवले.

वर्तुळ तिथेच येते.

१६ नोव्हेंबर
आजपासून ते बघायचे नाही. उठताबसता खोडायचे. अंदाज अकरा केंद्रांवरून, दाब भिंतीवरच्या उपकरणावरून. बस.

१८ नोव्हेंबर
खोडते आहे. कागद फाटला. नव्या कागदावर आले. आता शेजारी दाबाचा आकडाही आहे, उपकरणाशी जुळणारा. जणू सांगते आहे की माझ्यावर विश्वास ठेव.

लेकीला फोन केला. हा मार्ग नको घेऊस म्हटले. कारण विचारले तिने. मी कारण देऊ शकले नाही. जन्मभर मुलांना कारण दिल्याशिवाय काही बोलू नका म्हणणारी मी. ती म्हणाली, “आई, अंदाज तू सांगायचा, निर्णय मी घ्यायचा. तूच शिकवलंयस.”

२० नोव्हेंबर
नकाशाच्या कोपऱ्यात ‘वाचले, समजले’.

आज कोणी पायलट आलेला नाही. खोलीला कुलूप होते. खाली सही. शेवटच्या अक्षराला लांब शेपटी — दहावीच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या नावाने खोटी सही केली तेव्हाही हीच शेपटी काढली होती तिने, आणि मी पकडले होते.

तिची सही आहे.

२१ नोव्हेंबर
लेकीच्या वरिष्ठांना फोन केला. उद्याचे उड्डाण थांबवा म्हटले. हवामानात काय दोष आहे, त्यांनी विचारले. काही नाही. अकराही केंद्रे स्वच्छ. ते नरमाईने बोलले, म्हातारीशी बोलतात तसे. आईचं मन समजू शकतो, म्हणाले.

झोप नाही.

२२ नोव्हेंबर, सकाळी ९
आभाळ निरभ्र. लेक सव्वादहाला तिकडून निघणार, अकराच्या सुमारास इथे.

दाबमापक १०१२. बारावे वर्तुळ १००२.

पहिल्यांदाच दोन वेगळे आकडे. दहाचा फरक. तीनशे फूट.

९.४०
दाबमापकावर टिचकी मारली. सुटे दाबमापक आणून ताडले. १०१२ च. पण वर्तुळ आजवर चुकलेले नाही. खरा आकडा १००२ असेल आणि मी १०१२ सांगितला तर ती टेकडीत जाईल. साहेबांनी हेच केले असणार. उपकरणावर विसंबून जास्तीचा आकडा सांगितला.

घाबरायचे नाही. पहिल्या दिवशीचा धडा. दोन आकडे असतील तर कमी तो सांगायचा. चुकला तरी ती वरच राहील. यात हरायला जागाच नाही.

१०.३५
दादांना १००२ दिला. त्यांनी भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. पाठवला. स्पीकरवर तिचा आवाज, “एक हजार दोन, मिळाला. बाईंना नमस्कार सांगा.” हसत होती.

दाबमापकासमोर खुर्ची ओढून बसले.

१०.४८
कानात दडे बसले. घाट उतरताना बसतात तसे. मी खुर्चीवर बसलेली आहे.

दाबमापक १००९.

१०.५०
१००४. काटा डोळ्यांदेखत सरकतो आहे. असे होत नाही. तीस वर्षांत वादळातही असे — टेकडी दिसत नाही. धुके.

१०.५१
१०००. माझ्या आकड्याखाली गेला. वर पळत जाऊन दादांना सांगितले, नवा आकडा द्या, वर राहायला सांगा. दादा बोलत आहेत. पुन्हा पुन्हा तेच बोलत आहेत. ती टेकडीमागे आहे. तिला ऐकू जात नाही.

आम्हाला ती ऐकू येते.

१०.५३
खाली आले. ९९६. नकाशा टेबलावरून ओढून फाडला. खाली लाकडावर पेन्सिलीने लिहिलेले, आजवर कधी न दिसलेले, जुन्या नोंदवहीतले ते साहेबांचे अक्षर —

‘दोन आकडे आले. नियमाप्रमाणे कमी तो दिला. मग खरा त्याच्याही खाली गेला.’

त्यांनीही कमीचाच दिला होता. वर्तुळाला माहीत होते मी कोणता निवडीन. त्याला आमचा नियम पाठ आहे.

१०.५४
९९२. मी दिलेल्या आकड्याच्या दहाने खाली. तीनशे फूट.

स्पीकरवर ती. खाली धुकं आहे, पण उंची भरपूर आहे, म्हणते. शांत आवाज. उंची भरपूर आहे.

लाकडावर रेघ उमटते आहे. कागद नाही, पेन्सिल खाली पडली आहे, तरी उमटते आहे. नकाशात टेकडी असते त्या जागी, बाराव्याच्या शेजारी. तेरावे. माझे वळण. अजून बंद झालेले नाही. पाऊण झाले. बंद होऊ द्यायचे नाही — रबर — एका हाताने खोडते आहे, ते मागून पुन्हा — ती अजून बोलते आहे, म्हणजे अजून — आई, म्हणाली, स्पीकरवर आई कशाला म्हणेल, तिला ऐकू — थोडीच फट आहे, मी बोट ठेवले आहे फटीत, रेघ बोटावरून चढ